न मारता उठलेले वळ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझा मुलगा तेव्हा नववीत होता. जुलै महिना. शाळेतून तो भिजून आला, ओला सदरा काढून दोरीवर टाकायला वळला आणि माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. त्याच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, आडवे वळ उठले होते. एक-दोन नव्हे, चांगले सात-आठ. एकाखाली एक, जांभळट लाल. छडीचे उठतात ना, अगदी तसे.

“कुणी मारलं तुला?”

“कुणी नाही.”

“घाबरू नकोस. खरं सांग.”

“अम्मी, खरंच कुणी नाही मारलं. काय झालंय पाठीला?”

त्याला स्वतःची पाठ दिसत नव्हती आणि मला त्या पाठीपलीकडे दुसरं काही दिसत नव्हतं. माझी आई त्या वेळी आमच्याकडे राहायला होती. तिने काही न बोलता तेलात हळद गरम केली आणि नातवाच्या पाठीला लावली. लावताना तो साधा कण्हलाही नाही. ही गोष्ट तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. पण संतापलेल्या आईच्या ध्यानात काय येणार?

शाळेत पीटीचे एक सर होते. आवाज मोठा, हातात कायम छडी. मनातल्या मनात मी त्यांना दोषी ठरवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी सकाळीच मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. जे बोलायचं ते बोलले आणि जे बोलायला नको होतं तेही बोलले. सर एवढंच म्हणाले, “बाई, मी या पोराला बोटसुद्धा लावलेलं नाही.” माझा विश्वास बसला नाही. मुख्याध्यापक समजूतदार होते. म्हणाले, “आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी लिहून दिलं तर पुढचं मी बघतो.”

मी डॉक्टरांकडे गेले तीही उपचारासाठी नाही. मारहाणीचा दाखला हवा होता मला. डॉक्टरांनी पाठ पाहिली. रेघांवरून बोट फिरवलं, जरा दाबलं. मुलाला विचारलं, “दुखतं?” तो म्हणाला, “नाही.” मग त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. दिवाळीत शिवलेली पँट घोट्याच्या वर चार बोटं चढली होती.

“बाई, हे कुणी मारल्याचे वळ नाहीत,” डॉक्टर म्हणाले. “तुमचा मुलगा भराभर वाढतोय. कातडी जरा मागे पडली, इतकंच.”

श्रोतेहो, मी डॉक्टर नाही. मी कविता लिहिते आणि बी.ए.पर्यंत शिकले आहे, एवढंच माझं भांडवल. ‘स्ट्रेच मार्क्स’ हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. माझ्या स्वतःच्या पोटावर दोन बाळंतपणांच्या रेघा आहेत. पण तशाच रेघा वयात येणाऱ्या मुलाच्या पाठीवर उठू शकतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? पोट झाकलेलं, मांड्या झाकलेल्या आणि त्यांच्याबरोबर हा विषयही झाकलेला. त्या झाकलेपणापायी एका भल्या माणसावर मी आळ घेतला. त्यानंतर मी विचारत गेले, वाचत गेले, ओळखीतल्या त्वचारोगतज्ज्ञांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी या रेघा म्हणजे नेमकं काय ते पाहू. आपली त्वचा गोधडीसारखी आहे. आमच्याकडे वाकळ म्हणतात. गोधडीचं वरचं कापड वेगळं, आतले थर वेगळे आणि सगळ्याला धरून ठेवणारे टाके वेगळे. त्वचेचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो. त्याच्या खाली जाडसर थर आहे आणि त्वचेची सारी ताकद तिथे आहे. या आतल्या थरात दोन तऱ्हेचे धागे असतात. एक कोलेजन. तो बळकटी देतो. दुसरा इलॅस्टिन. कातडी ओढून सोडली की ती परत जागेवर येते ती या धाग्यामुळे. हे धागे विणणाऱ्या पेशीही तिथेच असतात आणि त्यांचं काम जन्मभर चालू असतं.

शरीर हळूहळू वाढलं तर या पेशी नवे धागे विणत वाढीबरोबर चालतात. शरीर एकदम वाढलं की विणकाम मागे पडतं. त्यातच काही हार्मोन्स अशी असतात की ती वाढली म्हणजे हे विणकाम मंदावतं आणि धागे कमकुवत होतात. मग ताण पडला की आतले टाके उसवतात. वरचं कापड मात्र शाबूत राहतं. म्हणून रक्त येत नाही, जखम दिसत नाही. दिसते ती आतल्या उसवलेपणाची वरून उमटलेली रेघ.

सुरुवातीला ही रेघ लाल, जांभळी किंवा आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तपकिरी जांभळट दिसते. तिथे आत डागडुजी चालू असते, रक्तपुरवठा वाढलेला असतो. रेघ किंचित फुगलेली असते, कधी खाजते. पुढे काही महिन्यांत किंवा वर्ष-दीड वर्षात ती फिकी पडते, पांढुरकी होते, जराशी खोलगट आणि कांद्याच्या सालीसारखी सुरकुतलेली दिसते. म्हणजे आतला व्रण पक्का झाला. लाल रेघ आणि पांढरी रेघ हा फरक लक्षात ठेवा. पुढे उपचारांचं बोलताना तो लागणार आहे.

रेघांच्या दिशेलाही कारण आहे. कातडीवर ताण ज्या दिशेने पडतो, त्याला छेद देऊन रेघ उमटते. ताण उभा असेल तर रेघ आडवी. मुलगा उंच होत होता, पाठ उभी ताणली जात होती, म्हणून वळ आडवे आले. गरोदरपणी पोट चहूबाजूंनी फुगतं, म्हणून तिथल्या रेघा बेंबीच्या आजूबाजूने आणि ओटीपोटावर उभ्या-तिरक्या पसरतात.

वयात येणाऱ्या मुलग्यांना या रेघा कमरेच्या वर पाठीवर आणि मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला येतात. मुलींना मांड्या, नितंब आणि छातीवर येतात. दहावी-अकरावीतली मुलगी एकाएकी पोहायला जायचं नाही म्हणते, अर्ध्या बाह्यांचा ड्रेस नको म्हणते, तेव्हा कधी कधी कारण एवढंच असतं. वजन झपाट्याने वाढलं तरी रेघा येतात. व्यायामशाळेत जाऊन दंड आणि खांदे भराभर फुगवणाऱ्या तरुणांनाही काखेच्या पुढच्या बाजूला त्या येतात. आई, मावशी, बहीण यांना असतील तर आपल्यालाही येण्याची शक्यता जास्त. म्हणून जुळ्यांची आई सुटते आणि एकाच लेकराच्या आईचं पोट रेघांनी भरून जातं. यात कुणाची हयगय नसते. “तू तेल लावलं नसशील” हे वाक्य सुनेला ऐकवण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. माझ्या गोष्टीवरून कुणी असा अर्थ काढू नये, की मुलाच्या पाठीवर वळ दिसले तर दुर्लक्ष करावं. मारल्याचा वळ दुखतो. त्याचा रंग दिवसागणिक बदलतो, निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत तो जातो. वाढीची रेघ दुखत नाही, एकमेकींना समांतर असते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि मूल स्वतःहून सांगत असेल की मला मारलं, तर आधी त्याचं ऐकावं.

आता गरोदरपणाकडे येऊ, कारण या रेघांचा सगळ्यात मोठा मामला तिथला. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना त्या येतात. बहुतेकींना सहावा महिना उलटल्यावर दिसू लागतात. कमी वयात आई होणाऱ्या मुलींना त्या अधिक येतात, हेही अभ्यासांतून दिसलं आहे. आधीपासून वजन जास्त असेल, गरोदरपणी ते फार झपाट्याने वाढलं किंवा बाळ मोठं असेल तरीही प्रमाण वाढतं.

मी पहिल्या वेळी गरोदर होते तेव्हा विशीत होते. सातव्या महिन्यात पोटाला अशी खाज सुटली, की रात्री झोप येईना. मी फणीच्या पाठीने पोट खाजवत बसायची. आई म्हणायची, “बाळाला केस यायला लागलेत, म्हणून खाजतंय. नख लावू नकोस, वळ उठतील.” आमच्या शेजारच्या काकूही हेच सांगायच्या. पंचवीस-तीस वर्षांनी मला चरकसंहितेतला एक उतारा वाचायला मिळाला आणि मी चकित झाले. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गरोदरपणाच्या सातव्या महिन्याबद्दल म्हटलं आहे, की गर्भाला केस फुटू लागल्याने आईला जळजळ होते असं स्त्रिया म्हणतात. पण आत्रेयांना ते मान्य नाही. गर्भाच्या दाबामुळे दोष वर सरकतात, त्यातून जळजळ होते, मग खाज आणि खाजेतून या रेघा, असं ते सांगतात. रेघांना तिथे ‘किक्किस’ असा शब्द आहे. खाजवू नये, त्याने कातडी फाटते आणि विद्रूप होते, असा सल्लाही आहे. उपाय म्हणून बोराच्या काढ्याबरोबर औषधी लोणी आणि पोटाला चंदन व कमळाच्या देठाचा लेप सांगितला आहे.

म्हणजे बाळाच्या केसांची ही समजूत इतकी जुनी आहे आणि ती खरी नाही हे सांगणंही तितकंच जुनं. तरी समजूत आमच्या स्वयंपाकघरापर्यंत चालत आली आणि तिचं खंडन मात्र पोथीत राहिलं. कारणमीमांसा आज आपण वेगळ्या शब्दांत मांडतो. ताणलेली कातडी कोरडी पडते, म्हणून खाजते. खाजवल्याने रेघ जन्माला येत नाही, ती आतल्या थरात आधीच तयार होत असते. पण नखांनी वरचा थर ओरबाडला जातो, त्यात पू होऊ शकतो, काळे डाग राहतात. म्हणून ‘नख लावू नकोस’ हे आईचं सांगणं शंभर टक्के बरोबर होतं. कारण तेवढं चुकलं होतं.

मग तेलाचं काय? हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत तीन बाटल्या निघाल्या. एक परदेशी तेल, एक कोको बटरचं क्रीम, एक ‘कोलेजन’ लिहिलेली ट्यूब. तिन्हींची किंमत मिळून आमच्या महिन्याच्या किराण्याएवढी. तिला दुखवायचं नव्हतं, पण खरं सांगणंही भाग होतं.

गोधडीचा दाखला पुन्हा घेऊ. टाका आत उसवलेला आहे आणि आपण वरच्या कापडाला तेल चोपडतो आहोत. बहुतेक तेलं आणि क्रीमं वरच्या थरातच राहतात. कोलेजनचा रेणू इतका मोठा असतो, की वरून चोळून तो आत जातच नाही. गरोदरपणी क्रीमं लावल्याने रेघा टळतात का, हे तपासणाऱ्या सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. त्या अभ्यासांत मिळून ८०० स्त्रिया होत्या. क्रीम लावणाऱ्या आणि न लावणाऱ्या स्त्रियांमध्ये रेघा येण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल हेही वेगवेगळ्या अभ्यासांत पारखले गेले आणि त्यांनीही रेघा अडवल्या नाहीत. बदामाच्या तेलाने रोज हलक्या हाताने मालिश केलेल्या स्त्रियांमध्ये रेघा काहीशा कमी आढळल्या, असं एका लहान अभ्यासात दिसलं. पण गंमत अशी, की तेच तेल नुसतं चोपडणाऱ्यांना फायदा झाला नाही. झाला असेल तर तो हाताचा गुण म्हणायचा, बाटलीचा नाही.

मग तेल लावूच नये का? जरूर लावावं. रेघा टाळण्यासाठी म्हणून नव्हे, तर खाज आणि कोरडेपणा कमी व्हावा म्हणून. त्यासाठी महागडी बाटली लागत नाही. घरातलं खोबरेल तेल चालतं, साधी व्हॅसलीन चालते, ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं मलम चालतं. लावायची वेळ महत्त्वाची. आंघोळीनंतर अंग टिपून घ्यावं आणि कातडी किंचित ओलसर असतानाच लावावं, म्हणजे ओल आत धरून राहते. रात्री झोपताना पुन्हा एकदा. पाणी फार कढत घेऊ नये, त्याने कातडी आणखी कोरडी होते. साबण पोटावर घासू नये. नखं कापलेली असावीत. खाज असह्य झाली तर गार पाण्यात पिळलेलं मऊ फडकं पोटावर ठेवावं. कपडे सुती आणि सैल असावेत.

लिंबाची फोड, बेकिंग सोडा, वज्री असे उपाय कुणी सुचवले तर हात जोडून नको म्हणावं. लिंबाच्या रसाने कातडी चुरचुरते आणि त्यावर ऊन लागलं तर भाजल्यासारखे डाग पडतात. वज्री टाचांसाठी असते. आतला व्रण वरून घासून निघत नाही, उलट वरचा चांगला थर सोलला जातो.

गरोदरपणी वजन किती वाढावं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं आणि ते एकदम न वाढता सावकाश वाढेल असं बघावं. पण रेघा येऊ नयेत म्हणून कुणी पोटाला चिमटा घेऊ नये. बाळाच्या वाट्याचा घास कमी करून वाचवण्याइतकं त्या रेघांचं मोल नाही.

आलेल्या रेघा जातात का? पूर्ण जात नाहीत, फिक्या होतात. बहुतेक वेळा काळ हाच त्यांचा मुख्य उपचार असतो. वाढत्या वयातल्या मुलांच्या रेघा तर पुढे इतक्या फिकटतात, की शोधाव्या लागतात. उपचार करायचेच असतील तर रेघ लाल असतानाचा काळ त्यातल्या त्यात बरा. ट्रेटिनॉइन नावाचं मलम ताज्या रेघांची लांबी-रुंदी काही प्रमाणात कमी करतं. ते त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीनेच घ्यायचं. कातडी लाल होते, सालपटं निघतात, ऊन सोसत नाही. गरोदर असताना ते मुळीच लावायचं नाही आणि बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लेसर आणि बारीक सुयांनी कातडीला टोचण्याचे उपचारही आहेत. त्यांनी आतल्या थरात नवे धागे तयार व्हायला चालना मिळते. ते अनेक बैठकांत करावे लागतात, खर्चिक असतात आणि सावळ्या कातडीवर काळे डाग पडण्याचा धोका असतो. त्यामुळे करणारा हात जाणकार हवा. पांढऱ्या झालेल्या रेघांवर गुण कमी येतो. “सात दिवसांत रेघा गायब” असं जो सांगतो, तो तुमच्या रेघांकडे नाही, तुमच्या पाकिटाकडे बघत असतो.

आता या विषयातली सगळ्यात गंभीर गोष्ट. माझा एक भाचा शिकायला शहरात होस्टेलवर राहत होता. घामाने त्याच्या जांघेत गजकर्ण झालं. लाजेखातर तो कुणाला बोलला नाही. औषधाच्या दुकानात गेला, दुकानदाराने चिठ्ठी न मागता एक ट्यूब हातात ठेवली. दोन दिवसांत खाज थांबली. ट्यूब बंद केली की खाज परत यायची, म्हणून तो लावत राहिला, सहा-सात महिने. सुट्टीत घरी आला तेव्हा गजकर्ण मांडीभर पसरलेलं होतं आणि जांघेत रुंद, जांभळ्या, खोल रेघा पडल्या होत्या. वाढीच्या रेघा फिकटतात. या रेघा आजही तशाच आहेत.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. क्लोबेटासोल, बीटामेथासोन ही त्यातली नेहमी आढळणारी नावं. स्टेरॉइड वाईट औषध नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते वरदान आहे. पण धागे विणणाऱ्या पेशींचं काम ते थांबवतं. जांघ, काख, स्तनांखालची जागा इथली कातडी मुळात पातळ असते, घडीत औषध जास्त मुरतं आणि काही आठवड्यांतही रेघा पडू शकतात. वर बुरशीला रान मोकळं मिळतं. गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही मिश्र मलमांतही हेच औषध असतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कागदावर नियम आहे. तरी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचायची सवय आपणच लावून घेतली पाहिजे. ज्या नावाच्या शेवटी ‘सोल’ किंवा ‘सोन’ दिसेल, ते मलम लावण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ‘सोल’ने संपणारी बुरशीची साधी औषधंही असतात, पण विचारण्यात काही बिघडत नाही.

रेघा कधी कधी आतल्या आजाराचा निरोपही घेऊन येतात. वजन फार वाढलेलं नसताना किंवा गरोदरपण नसताना पोटावर बोटाएवढ्या रुंद, गडद जांभळ्या रेघा आल्या, चेहरा गोल होऊ लागला, पोट सुटून हातपाय बारीक झाले, जिना चढताना मांड्यांत जोर राहिला नाही, रक्तदाब किंवा साखर वाढली, तर शरीरातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन वाढलेलं असू शकतं. लगेच तपासून घ्यावं. स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनाही असंच होतं. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचं आढळलेलं आहे, म्हणून त्याही डॉक्टरांना दाखवाव्यात. पण अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, ते जिवावर बेतू शकतं.

गरोदर मैत्रिणींनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शेवटच्या आठवड्यांत रेघांवरच लाल, खाजरे पुरळ उठले आणि बेंबीभोवतीची जागा मोकळी राहिली, तर तो बहुधा निरुपद्रवी प्रकार असतो. डॉक्टर औषध देतात आणि बाळंतपणानंतर तो जातो. मात्र अंगावर पुरळ नाही आणि तळहात-तळपायांना खाज आहे, ती रात्री वाढते, असं असेल तर ‘बाळाला केस येताहेत’ म्हणून गप्प बसू नये. तो यकृताचा त्रास असू शकतो आणि त्याचा बाळाला धोका असतो. त्यासाठी रक्ताची तपासणी असते. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

लेकीला हे सगळं सांगून झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अम्मी, तुझ्या पोटावरच्या दाखव ना.” इतक्या वर्षांत मी त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या. दाखवल्या. तिने बोट फिरवून पाहिलं आणि विचारलं, “यातल्या माझ्या कुठल्या?” मला सांगता आलं नाही. आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसली होती. परदेशी तेलाची बाटलीही तिने टाकली नाही, म्हणाली, “पैसे दिलेत, संपवते.” तेही बरोबरच आहे.

राहिले पीटीचे सर. डॉक्टरांकडून निघाल्यावर मी घरी गेले नाही, मुलाला घेऊन थेट शाळेत गेले. ज्या खोलीत आवाज चढवला होता त्याच खोलीत, मुख्याध्यापकांसमोर, सरांची माफी मागितली. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, मुलाच्या पाठीवर वळ दिसला तर आईने विचारलंच पाहिजे. फक्त आधी डॉक्टरांना विचारा, मग आम्हाला.” आणि मुलाकडे वळून म्हणाले, “उंची वाढतेय म्हणतोस? मग संध्याकाळी व्हॉलीबॉलला येत जा.”

तो गेला. पुढची दोन वर्षं शाळेच्या संघात होता. पाठीवरच्या रेघा आज पाहायच्या तर त्याला खिडकीपाशी उजेडात उभं करावं लागतं.